रंकाळ्याच्या काठावरचे निरीक्षण : वर्तनाचा अभ्यास आखताना

मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात लघुप्रबंधाचा विषय ठरवण्याची वेळ आली की बहुतेक विद्यार्थी प्रश्नावलीकडे वळतात. प्रश्नावली छापता येते, वर्गावर्गांतून वाटता येते आणि आठवडाभरात दोनशे प्रती भरून हातात येतात. यात गैर काही नाही. परंतु माणूस आपण कसे वागतो म्हणून सांगतो आणि प्रत्यक्षात कसा वागतो, यांत पुष्कळ अंतर असते. ‘जेवताना मी मोबाइल पाहत नाही’ या विधानापुढे निःशंकपणे बरोबरची खूण करणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी मिसळीच्या ताटाशेजारी पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवून बसलेला दिसतो. तो खोटे बोललेला नसतो. त्याला स्वतःचे वागणे तेवढे आठवत नसते. प्रत्यक्ष वर्तनच अभ्यासायचे असेल, तर ठरवून, मोजून केलेल्या निरीक्षणाला पर्याय नाही.

असा अभ्यास कसा आखावा हे पुढे पायरीपायरीने सांगितले आहे. त्यासाठी एकच उदाहरण धरले आहे : संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठी दोन माणसे एकत्र बसलेली असताना मोबाइल हातात आला की त्यांच्या आपसांतल्या बोलण्याचे काय होते? आपला विषय वेगळा असला, तरी अडचणी साधारण याच क्रमाने येतात.

पहिली पायरी : प्रश्न मोजता येईल असा करणे

‘मोबाइलमुळे नाती दुरावतात का?’ हा प्रश्न वर्तमानपत्राच्या पुरवणीला शोभतो. काठावर बसून त्याचे उत्तर मिळत नाही, कारण दुरावा डोळ्यांना दिसत नाही. डोळ्यांना दिसते ते एवढेच की, हातात मोबाइल आहे किंवा नाही आणि बोलणे चालू आहे किंवा नाही. म्हणून प्रश्न असा लिहावा : ‘दोघांपैकी निदान एकाची नजर मोबाइलच्या पडद्यावर असते त्या क्षणांत आपसांतले संभाषण चालू असण्याचे प्रमाण, कुणाचीही नजर पडद्यावर नसते त्या क्षणांतील प्रमाणापेक्षा कमी असते का?’ वाक्य अवजड झाले खरे. पण त्यातील प्रत्येक गोष्ट मोजता येते.

या प्रश्नातून काय कळणार नाही, हेही याच वेळी लिहून ठेवावे. मोबाइल काढल्याने बोलणे थांबले, की बोलणे संपले म्हणून मोबाइल काढला, हे असल्या निरीक्षणातून सिद्ध होत नाही. आपण हस्तक्षेप केलेला नाही. दोन गोष्टी सोबत आढळतात की नाही, इतकेच आपण पाहिले. निष्कर्षाच्या प्रकरणात ‘मुळे’ हा प्रत्यय दिसला की परीक्षक थांबतात, आणि ते योग्यच आहे.

निरीक्षणाचा प्रकार निवडायला फार वेळ लागू नये. परिस्थिती आपण घडवायची की आहे तशी घ्यायची, हा मुख्य निर्णय. आल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आक्रमकतेच्या प्रयोगात खोली, खेळणी आणि बाहुला सगळे ठरलेले होते. प्रत्येक मुलाचे २० मिनिटे निरीक्षण करून दर ५ सेकंदांनी, म्हणजे एकंदर २४० वेळा नोंद झाली. याउलट मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालशाळेतील मुले आपापली खेळत होती आणि एकेका मुलाकडे एकेक मिनिट पाहून त्याचा खेळ एकट्याचा, शेजारी-शेजारी चाललेला की सहकार्याचा, हे नोंदवले गेले. आपला अभ्यास या दुसऱ्या जातीचा, म्हणजे नैसर्गिक परिस्थितीतील, असहभागी निरीक्षणाचा आहे.

दुसरी पायरी : व्याख्या

नवख्या अभ्यासकाचा सर्वाधिक वेळ इथे जावा, असे माझे मत आहे. प्रत्यक्षात तो दोन ओळींत उरकला जातो आणि पुढचे सगळे बिघडते. ‘मोबाइलचा वापर’ म्हणजे काय, हे घरी बसून कुणालाही सोपे वाटते. आता शालिनी पॅलेसच्या बाजूच्या एका कट्ट्यावर नजर टाका. सासू आणि सून बसल्या आहेत. सुनेने मोबाइल काढून नातवाचा शाळेतील व्हिडिओ लावला आहे, दोघींची डोकी पडद्यावर वाकली आहेत आणि दोघी एकसारख्या बोलत आहेत. शेजारच्या कट्ट्यावर दोन मित्र आहेत. एकाच्या मांडीवर मोबाइल उताणा पडलेला आहे, पडदा उजळला की तो खाली पाहतो, पण हात लावत नाही. तिसऱ्या जोडीतला मुलगा भेळेच्या गाड्याचा क्यूआर कोड स्कॅन करतो आहे. चौथीतील बाई कानांत इअरफोन घालून बोलत आहेत. शेजारच्या नवऱ्याशी की फोनवरच्या बहिणीशी, हे पाच-सात सेकंद कळतच नाही. यांपैकी ‘वापर’ कोणता?

उत्तर काहीही ठरवा. पण काठावर जाण्यापूर्वी ठरवा आणि लिहून ठेवा. एक शक्य रचना अशी. मोबाइलसाठी पाच कप्पे : पडद्यावर एकाचीच नजर, प्रत्येकाची नजर आपापल्या पडद्यावर, एकच पडदा दोघे मिळून पाहत आहेत, फोनवर बोलणे चालू आहे, आणि यांपैकी काहीही नाही. ‘मोबाइल हातात आहे, पण नजर दुसरीकडे’ ही अवस्था ‘काहीही नाही’ या कप्प्यात घालायची की तिला सहावा कप्पा द्यायचा, हे प्रश्नावर अवलंबून राहील. आपला प्रश्न नजरेचा असल्याने मी ती ‘काहीही नाही’मध्ये घालीन. संभाषणासाठी दोनच कप्पे पुरतात : ‘जोडीदाराला उद्देशून बोलणे आहे’ आणि ‘नाही’. याशिवाय दोन्हीकडे ‘दिसत नाही’ असा एक कप्पा हवाच. तो नसला, तर माणूस मध्ये आडवा आल्यावर निरीक्षक अंदाजाने खूण करतो आणि तो अंदाज नेहमी त्याच्या अपेक्षेच्या बाजूने झुकतो.

कप्पे तपासण्याच्या कसोट्या दोन आहेत. कोणताही क्षण एकाच वेळी दोन कप्प्यांत बसता कामा नये, आणि कोणताही क्षण कप्प्याबाहेर राहता कामा नये. शिवाय व्याख्येत मनःस्थितीचे शब्द नकोत. ‘कंटाळून मोबाइल पाहतो’ ही नोंद नव्हे, तो निवाडा आहे.

तिसरी पायरी : नोंद कधी आणि कुणाची

जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये ‘बिहेवियर’ या नियतकालिकात निरीक्षणातील नमुना-पद्धतींची जी चिकित्सा केली, ती आजही या विषयाचा पाया मानली जाते. त्यांचे स्वतःचे काम आफ्रिकेतील बबून माकडांवर होते, पण रंकाळ्याच्या काठावरही प्रश्न तेच राहतात. त्यांनी दाखवलेला सर्वांत मोठा धोका म्हणजे ‘सुचेल तशी नोंद’. वही उघडून बसायचे आणि लक्ष वेधेल ते लिहायचे, ही ती पद्धत. लक्ष कोण वेधते? मोठ्याने हसणारे, भांडणारे, सेल्फी काढणारे. गुपचूप बसलेली जोडी नोंदीत येतच नाही. प्राथमिक ओळख करून घेण्यासाठी पहिल्या एक-दोन संध्याकाळी असे पाहणे चांगले. मोजणीसाठी ते निरुपयोगी आहे.

मोजणीसाठी एका वेळी एकच जोडी निवडून ठरलेला काळ तिच्याकडेच पाहावे. या काळात प्रत्येक बदल त्याच्या वेळेसह टिपला, तर ती सलग नोंद होते. मोबाइल आधी आला की बोलणे आधी थांबले, हा क्रम केवळ तिच्यातूनच मिळतो. परंतु दोन माणसांचे दोन प्रकारचे वर्तन हाताने सलग टिपणे नवख्याला झेपत नाही. त्यासाठी ठरावीक अंतराने घेतलेली क्षणनोंद सोपी : इअरफोनमध्ये दर २० सेकंदांनी ‘टिक’ वाजेल अशी ध्वनिफीत लावायची आणि ती वाजली त्या क्षणी जे दिसेल तेच लिहायचे. १० मिनिटांत एका जोडीचे ३० क्षण मिळतात.

येथे एक चूक फार वेळा होते. ‘मागच्या २० सेकंदांत एकदा तरी मोबाइल पाहिला का’ अशी हो-नाही नोंद क्षणनोंदीसारखीच वाटते, पण ती तशी नाही. समजा, एखादा माणूस प्रत्येक २० सेकंदांत फक्त २ सेकंद पडद्याकडे पाहतो. १० मिनिटांत त्याने खरोखर ६० सेकंद, म्हणजे १० टक्के वेळ मोबाइल पाहिला. हो-नाही पद्धतीत मात्र तीसच्या तीस खाने ‘हो’ भरतील आणि वापर १०० टक्के दिसेल. क्षणनोंदीत सरासरीने ३० पैकी ३ खुणा येतील, आणि तेच वस्तुस्थितीच्या जवळ आहे.

संभाषणाबाबत थोडी सवलत घ्यावी लागते, कारण बोलताना माणूस श्वास घेतो, थांबतो, पाण्याकडे पाहतो. ‘टिक’ वाजल्यापासून ३ सेकंदांत शब्द ऐकू आला किंवा ओठ हलताना दिसले, तर ‘बोलणे आहे’ असे धरावे. काटेकोरपणे पाहिले, तर हीसुद्धा छोटीशी हो-नाही नोंदच झाली, आणि प्रबंधात ते मोकळेपणाने लिहावे.

जोडीची निवडही आपल्या मर्जीवर सोडू नये. ठरलेल्या ठिकाणापासून चालायला लागल्यावर लागणारी प्रत्येक तिसरी जोडी घ्यायची, ती उठून गेली तर पुढची, असा कोरडा नियम करावा. १० मिनिटे पूर्ण होण्यापूर्वी जोडी निघून गेली तर काय, हेही आधीच ठरवावे. मी किमान १५ क्षण मिळाले असतील, तरच जोडी ठेवते.

जागा आणि वेळ

जागा बदलली की वर्तन बदलते. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर हातात फेसाळ दुधाचा पेला असतो आणि माणसे उभी असतात. तिथे मोबाइलचे प्रमाण कमी आले, तर त्याचे श्रेय संभाषणाला देता येणार नाही. म्हणून आपल्या निष्कर्षाची हद्द ‘रंकाळ्याच्या काठी, संध्याकाळी बसणारी माणसे’ इतकीच आहे, ‘कोल्हापूरकर’ नव्हे. कामाचा वार आणि रविवार दोन्ही घ्यावेत. नवरात्र, अंबाबाई मंदिरातील नोव्हेंबरातील आणि जानेवारीअखेरचा किरणोत्सव, जोतिबाची चैत्र यात्रा या काळात शहरात बाहेरगावची गर्दी असते. ते दिवस टाळावेत किंवा जाणूनबुजून वेगळे नोंदवावेत. पावसाळ्याविषयी काय सांगावे? माझे पहिले वेळापत्रक जुलैमध्ये होते आणि तीन आठवड्यांत मला ओल्या कट्ट्यांखेरीज काही दिसले नाही.

उजेडाचा मुद्दा पुस्तकांत क्वचितच सापडतो, पण इथे तो निर्णायक आहे. अंधार पडू लागला की पडद्याचा उजेड चेहऱ्यावर पडतो आणि मोबाइल अधिक स्पष्ट दिसतो. त्याच वेळी ओठांची हालचाल दिसेनाशी होते. म्हणजे उशिराच्या क्षणांत मोबाइलच्या खुणा वाढतात, बोलण्याच्या कमी होतात आणि आपल्याला हवा तोच निष्कर्ष केवळ अंधारामुळे तयार होतो. कोल्हापुरात नोव्हेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या सुमारास. सत्र संपवण्याची वेळ घड्याळाऐवजी सूर्यास्ताला बांधावी.

निरीक्षकाचे तिथे असणे

आपल्याला कुणी पाहत आहे हे कळले की माणूस सावरून बसतो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून झालेल्या प्रयोगांवरून या प्रकाराला १९५० च्या दशकात ‘हॉथॉर्न परिणाम’ असे नाव मिळाले. दिव्यांचा उजेड बदलून कामगारांचे काम मोजणाऱ्या मूळ प्रकाशप्रयोगातील परिणाम पुढच्या फेरविश्लेषणांत फारसा भक्कम ठरला नाही, पण नाव रूढ झाले. मला तो परिणाम पुस्तकाबाहेर भेटला तो असा : पहिल्या सत्राला मी क्लिपबोर्ड, छापील तक्ते आणि गळ्यात ओळखपत्र अशा थाटात जाऊन उभी राहिले. पाच मिनिटांत समोरच्या भेळेच्या गाड्याने पुढच्या गाड्याला हाक दिली, “अतिक्रमणवाले आलेत रं!” आणि बघता बघता चार गाडे मागे सरकले. त्यांच्याभोवती बसलेल्या जोड्याही उठल्या. ती संध्याकाळ मी नोंदीतून काढून टाकली आणि पुढे साधी दोनशे पानी वही घेऊन कट्ट्यावर बसू लागले. आठ-दहा मीटर अंतर, थेट समोर न बसता तिरके बसणे, आणि जोडी निवडल्यावर पहिली दोन मिनिटे काहीच न नोंदवणे, एवढी काळजी बहुधा पुरते.

दुसरा धोका निरीक्षकाच्या स्वतःच्या अपेक्षेचा. रोझेंथाल आणि फोड यांच्या १९६३ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना साधे उंदीर देऊन काहींना ‘हे हुशार वाणाचे’ तर काहींना ‘हे मंद वाणाचे’ असे सांगितले होते. नोंदींत ‘हुशार’ उंदीर खरोखरच सरस निघाले. म्हणून सोबतच्या निरीक्षकाला आपले गृहीतक सांगू नये. व्याख्या सांगाव्यात, तक्ता शिकवावा, आणि अभ्यास कशासाठी हे काम संपल्यावर सांगावे.

दोन निरीक्षकांचा मेळ

एकट्याच्या नोंदीवर विश्वास ठेवायला कुणी बांधील नाही. साधारण एकपंचमांश सत्रांत दुसरा निरीक्षक असावा, त्याने त्याच जोडीची, त्याच ‘टिक’वर, एकमेकांचा तक्ता न पाहता नोंद करावी. सरावासाठी दोन मित्रांना कट्ट्यावर बसवून, त्यांच्या संमतीने चित्रीकरण करून, तेच चित्रीकरण दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवावे. इटलीतील तोरिनो विद्यापीठात तयार झालेले ‘बोरिस’ हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी उत्तम आहे.

मेळ किती बसला, हे नुसत्या टक्केवारीने सांगू नये. समजा, १०० क्षणांपैकी दोघांनीही प्रत्येकी १० वेळा ‘मोबाइल आहे’ अशी खूण केली, पण त्यांतील ५ क्षणांवरच दोघांचे एकमत आहे. ‘नाही’वर ८५ क्षणांचे एकमत आहे. म्हणजे एकूण एकमत ९० टक्के. छान वाटते. परंतु दोघांनी डोळे मिटून याच प्रमाणात खुणा केल्या असत्या, तरी योगायोगाने ०.१ गुणिले ०.१ अधिक ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ८२ टक्के एकमत झाले असते. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कप्पा’ (kappa; नोंदीच्या कप्प्यांशी या नावाचा संबंध नाही) गुणांक हा योगायोग वजा करतो : ०.९० मधून ०.८२ वजा, भागिले १ मधून ०.८२ वजा. उत्तर ०.४४. लँडिस आणि कोच यांच्या १९७७ च्या प्रचलित मोजपट्टीवर हे केवळ ‘मध्यम’ आहे (ती मोजपट्टी मनाने आखलेली आहे, हे त्या दोघांनीच लिहून ठेवले आहे). हा गुणांक असा खाली आला, तर निरीक्षकाला दोष देण्यापूर्वी व्याख्या पाहावी; बहुतेक वेळा मांडीवरचा तो उताणा मोबाइलच भांडणाचे मूळ असतो. अभ्यासाच्या मध्यावर मेळ पुन्हा तपासावा, कारण महिनाभरात प्रत्येकाच्या मनातील व्याख्या नकळत सरकते.

नीतिमत्तेची पायरी

विभागाच्या किंवा विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची मान्यता पहिल्या नोंदीपूर्वी घ्यावी. नंतर घेतलेली मान्यता ही मान्यता नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनावर वेगळे विवेचन आहे, ते समितीपुढे जाण्यापूर्वी वाचावे. सार्वजनिक जागी, सर्वांना दिसेल असेच वर्तन, ओळख न नोंदवता पाहिले, तर लेखी संमतीतून सूट मिळू शकते. पण ती सूट समितीने द्यायची असते. छायाचित्र नको, ध्वनिमुद्रण नको, गाडीचा क्रमांक नको. लॉड हम्फ्रीज यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात गाड्यांच्या क्रमांकांवरून माणसांचे पत्ते शोधले होते, आणि त्यावरचा वाद आजही शिकवला जातो. बोलणे चालू आहे की नाही एवढेच पाहावे. काय बोलतात ते कानावर पडले, तरी वहीत येऊ नये. अठरा वर्षांखालची वाटणारी मुले वगळावीत.

आणि कुणी जवळ येऊन “काय लिवायलायसा?” असे विचारलेच, तर खरे सांगावे. समितीच्या मान्यतापत्राची प्रत वहीत ठेवावी, नोंद नको असे त्यांनी म्हटले, तर ते पान त्यांच्यासमोर फाडावे आणि एक जोडी गळाली, असे तक्त्याखाली लिहावे.

आकडे हाती आल्यावर

४० जोड्यांचे प्रत्येकी ३० क्षण म्हणजे १,२०० नोंदी. येथे मोह होतो की १,२०० ही नमुनासंख्या धरावी आणि काय-वर्ग (chi-square) चाचणी लावून टाकावी. तसे करता येत नाही. एकाच जोडीचे ३० क्षण एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. गप्पिष्ट जोडी तीसही वेळा बोलतच असते. आपली नमुनासंख्या ४० आहे. प्रत्येक जोडीसाठी दोन आकडे काढावेत : पडद्यावर नजर असतानाच्या क्षणांत बोलण्याचे प्रमाण आणि नसतानाच्या क्षणांत बोलण्याचे प्रमाण. मग या जोडलेल्या आकड्यांची तुलना विलकॉक्सनच्या चिन्हांकित-क्रम चाचणीने करावी. ‘दोघे मिळून पडदा पाहतात’ हे क्षण एकदा धरून आणि एकदा वगळून दोन्ही निकाल द्यावेत, कारण सासू-सुनेचा तो व्हिडिओ निकालाचा रंग पालटू शकतो. ज्या जोड्यांनी दहाही मिनिटांत मोबाइल काढलाच नाही, त्यांचा पहिला आकडा निघत नाही आणि त्या या तुलनेतून बाहेर पडतात. त्या किती होत्या, हे मात्र निकालाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे.